वडनेऱ्यांचा अस्थिवाटा

मूलद्रव्यघरात बसायला एकच खुर्ची होती आणि ती सगुणाबाई वडनेऱ्यांनी घेतली. सून केतकी पोटुशी, सातवा सरत आलेला, पाय सुजून टम्म झालेले. पण सासूनं बसावं आणि सुनेनं उभं राहावं ही रीत काही पृथ्वीवर ठेवून यायची वस्तू नव्हती. मुलगा श्रीरंग खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा होता. तोही रीतीप्रमाणेच.

समोर टेबलावर तांब्याचा कलश होता. तोंडाला लाल कापड, कापडाच्या गाठीवर लाखेची मोहोर. आत सगुणाबाईंचे यजमान, कालच वर्षश्राद्ध झालेले कैलासवासी बापूसाहेब. म्हणजे सगळे तसं समजत होते.

'ब्रह्मगिरी' हे यान नाशिककडची घरं पोटात घेऊन, सूर्याकडे पाठ करून निघालं त्याला दोन पिढ्या उलटल्या होत्या. जायचं होतं तो तारा अजून मोहरीएवढाच दिसत होता. वाटेत ना गाव, ना बाजार. निघताना जे भरून घेतलं त्यातच सगळ्यांचे जन्म आणि सगळ्यांची मरणं भागवायची. ते सारं सामान या खोलीच्या ताब्यात असे. भिंतीला लागून काचेचे रांजण, एकात लोखंड, एकात गंधक, एकात तांबं. आणि मधोमध तत्त्वचाळण नावाचं धूड. वरून वाटेल ते टाकावं, खाली ज्याचं ते ज्याच्या त्याच्या नळीतून पडावं, असं ते यंत्र.

"एवढी मोठी चाळण," सगुणाबाई म्हणाल्या, "आणि दळण बघावं तर ओंजळभर."

डॉक्टर मुल्हेरकर, म्हणजे मूलद्रव्यघराचा मुख्य, ओठ दाबून हसला. यानाच्या प्रमुख जयवंतीबाई दिघोळे हसल्या नाहीत. सगुणाबाईंच्या विनोदाला हसलं की पुढचा विनोद आपल्यावर होतो हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

"डॉक्टर, कलश उघडण्याआधी घरच्यांना समजेल असं सांगा," जयवंतीबाई म्हणाल्या. "तसा नियम आहे."

"आजी, जगातलं सगळं सामान तीन तऱ्हेचं," मुल्हेरकर म्हणाला. "चिवडा असतो ना..."

"असायचा. तुमच्या राज्यात शेंगदाणा कुणी पाहिलाय?"

"चिवडा हे मिश्रण. पोहे पोहेच राहतात, दाणे दाणेच. नेटानं बसलं तर निवडून वेगळे करता येतात. दुसरं संयुग. मीठ घ्या. त्यात एक धातू आहे, पाण्यात टाकला तर भडकतो. आणि एक वायू आहे, हुंगला तर माणूस मरतो. दोघं असे एकमेकांत गुंतले की दोघांचेही गुण गेले आणि जेवणात घालायचं मीठ झालं. ते निवडून सुटत नाहीत. तोडावे लागतात. चाळणीच्या पोटात भट्टी आहे, ती तोडते. आणि तिसरं मूलद्रव्य. ते या भट्टीनं तुटत नाही, घडत नाही, नाहीसंही होत नाही. लोखंडाचं पीठ केलं तरी लोखंडच."

"म्हणजे आहे ते आहे आणि नाही ते नाही. एवढ्यासाठी शाळेत जायचं होय रे?"

श्रीरंगनं हसावं की नाही हे ठरवायला आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणापासूनची सवय. केतकी मात्र रांजणांकडे पाहत होती. एक रांजण इतरांहून लहान होता आणि त्याच्या तळाशीच काहीतरी होतं.

"ते स्फुरद," मुल्हेरकर म्हणाला. "सगळी अडचण तिथे आहे."

अडचण यानावरच्या पोरासोरांनाही पाठ होती. पृथ्वीवरचे शेतकरी पिकाला नत्र, स्फुरद, पालाश घालायचे. यानात नत्र हवेतच होतं आणि पालाश हवं तेवढं भरून आणलं होतं. स्फुरद मात्र निघतानाच कमी पडलं. आणि स्फुरदाशिवाय धान्याचा दाणा भरत नाही, पोटातल्या पोराचं हाड धरत नाही. ते दुसऱ्या कशापासून करावं म्हटलं तर होत नाही, कारण ते मूलद्रव्य. जेवढं आहे तेवढं माणसांच्या हाडांत आणि पिकांच्या मुळांत फिरतं. म्हणून पहिल्या मंडळींनी अस्थिवाट्याचा कायदा केला. माणूस गेला की त्याच्या अस्थी कोठारात जमा व्हायच्या आणि तेवढ्यावर त्या घरात एक मूल जन्माला यायचं. पोराला जन्मभर लागणारं स्फुरद त्या वाट्यातून. ज्याच्या हाडांवर मूल, त्याच्या घराचं नाव मुलाला. वाटा नाही तर मूल नाही.

कायदा कडक, पण रीतीपुढे त्यालाही थोडं वाकावं लागलं होतं. दहन झाल्यावर अस्थी घरच्यांनीच आपल्या हातानं कलशात भरायच्या, मोहोर लावायची आणि कलश इथे आणून ठेवायचा. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. तोवर फक्त वजन करत. देवाघरी गेलेल्या माणसाची झडती कशी घ्यायची?

तिथेच सगुणाबाईंना फट सापडली होती. कलशात बापूसाहेब नव्हते. कलशात रांगोळी होती.

त्यांच्या सासूनं पृथ्वीवरून आणलेली, शिरगोळ्याच्या दगडाची, पांढरीशुभ्र, जरा रवाळ. दिवाळीला चिमूट-चिमूट वापरून सगुणाबाईंनी ती राखली होती. वजन अस्थींइतकंच घातलं, अर्ध्या गुंजेचाही फरक ठेवला नाही. बापूसाहेब वडनेऱ्यांच्या आज्यानं हे यान आखलेलं. त्या घराण्यातल्या पुरुषाची हाडं भट्टीत घालून, त्याचं खत करून, कुण्या सोम्यागोम्याच्या कोबीला घालायचं? सगुणाबाई जिवंत असताना ते होणं नव्हतं. मूल व्हायचं म्हणाल तर मूल काय पांढऱ्या भुकटीनं होतं? ते जसं होतं तसं झालंच होतं, सुनेचं पोट काय खोटं होतं? राहिला प्रश्न चाळणीचा. भट्टीत सगळ्याचा शेवटी चुनाच होतो, पांढरं ते पांढरं, अशी सगुणाबाईंची पक्की समजूत होती. म्हणूनच त्या पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या.

मुल्हेरकरनं मोहोर फोडली, हात जोडले आणि कलश चाळणीच्या तोंडात रिकामा केला.

यंत्र गुरगुरलं. कॅल्शियमच्या नळीतून भुकटी पडू लागली. मग कर्ब आला, मग मॅग्नेशियम, थोडं वाळूतलं सिलिकॉन. स्फुरदाच्या नळीखाली मुल्हेरकरनं स्वच्छ कुपी धरून ठेवली होती. नळी कोरडी. यंत्र थांबलं तरी तो कुपी धरूनच उभा होता, नळाचं पाणी गेल्यावर बायका घागर धरून उभ्या राहतात तसा.

"पुन्हा चालवा," जयवंतीबाई म्हणाल्या.

"पुन्हा काय चालवू? ही हाडं नव्हेत. हाडांची राख म्हणजे कॅल्शियम आणि स्फुरदाचं संयुग. यात कॅल्शियम आहे, पण ते कर्बाला धरून बसलेलं. हा दगड आहे. दगडाचं पीठ."

सगुणाबाईंच्या छातीत काहीतरी लक्कन हललं. पण जीभ छातीच्या आधी पळत असे, आयुष्यभर.

"बघितलंस श्रीरंग?" त्या म्हणाल्या. "घरात कुणाला आणलंस ते बघितलंस? हिच्या बापानं पाण्यात विष कालवलं, हिनं सासऱ्याच्या कलशात दगड घातला. आडात तेच पोहऱ्यात!"

केतकीचा चेहरा हलला नाही. वर्षभर हे तिनं रोज ऐकलं होतं. तिचा बाप सोपान पाणगव्हाणे यानाच्या पाण्याचा राखणदार. यानात पिण्याच्या पाण्याचा मोठा तलाव होता, त्याला पहिल्या मंडळींनी गोदा नाव दिलेलं. गेल्या साली त्या गोदेचं पाणी एकाएकी हिरवं झालं. विषारी शेवाळ. गाळण्या तुंबेपर्यंत कुणाला कळलं नाही आणि पाळणाघराच्या नळाला तेच पाणी होतं. चार मुलं गेली. शेतकोठीतलं खत गोदेत उतरल्याशिवाय असं शेवाळ येत नाही, खताची झडप सोपानच्या ताब्यात. सोपान म्हणत राहिला की झडप मी लावली होती. त्याला परती मिळाली. यानावर फाशी नव्हती, परती होती. गुन्हेगाराला झोपेचं औषध द्यायचं आणि देह भट्टीला परत करायचा. परती म्हणायचे, जणू माणूस उसना आणला होता. त्याचा वाटाही जप्त झाला. बाप गेला त्या दिवशी सगुणाबाईंनी सुनेला भाकरी थापायला बसवलं होतं. "पाणी राखता आलं नाही, निदान पीठ तरी राख," म्हणाल्या होत्या.

"कलश कुणी भरला?" जयवंतीबाईंनी विचारलं.

"आईनं," श्रीरंग म्हणाला आणि जीभ चावली.

"भरला मी, पण घरात रात्रभर होता ना!"

"आई," केतकी म्हणाली. आवाज अगदी साधा, चहा ठेवू का विचारावं तसा. "ही रांगोळी आहे. तुमच्या फडताळातली. फडताळाची किल्ली तुमच्या कमरेला असते. आंघोळीलासुद्धा काढत नाही तुम्ही."

सगळ्यांच्या नजरा सगुणाबाईंच्या कमरेकडे गेल्या. किल्ली होती. चांगली चकचकीत.

दुसरी बाई इथे रडली असती. सगुणाबाई उठून उभ्या राहिल्या.

"हो, मीच घातली. मग? वडनेऱ्यांची हाडं तुझ्या कोबीसाठी नाहीत, जयवंती. तू परकर-पोलक्यात होतीस तेव्हा याच बापूसाहेबांनी तुला खांद्यावर बसवून तारे दाखवलेत. लाज नाही वाटत, त्या खांद्याचं खत मागायला?"

"अस्थी कुठे आहेत?"

"जिथे असायला हव्यात तिथे. माझी सासू सांगायची, नाशकाला गोदेत एक कुंड आहे, त्यात अस्थी सोडल्या की विरघळून जातात. विरघळल्या म्हणजे माणूस सुटला. नाशिक नसेना का, गोदा तर आहे. पहाटे मी एकटी गेले आणि सोडल्या. मंत्रसुद्धा मीच म्हटला."

मुल्हेरकरनं कुपी हळूच टेबलावर ठेवली.

"आजी," तो म्हणाला, "हे कधी केलंत?"

"दहनाच्या तिसऱ्या दिवशी. रीत पाळणाऱ्यांना विचारावं लागत नाही."

"पाणी हिरवं झालं त्याच्या पुढच्या महिन्यात," तो जयवंतीबाईंकडे वळून म्हणाला. "प्रमुख, हाडांची राख साध्या पाण्यात विरघळत नाही, वर्षानुवर्षं तळाशी पडून राहते. पण आपण गोदेचं पाणी जरा आंबूस ठेवतो, नळ्यांत चुना धरू नये म्हणून. त्या पाण्यात हाड विरतं. हळूहळू विरतं, पण विरतं. शेवाळाला ऊन होतं, नत्र होतं, सगळं होतं. अडलं होतं ते स्फुरदासाठी. भुकेल्याच्या पंक्तीत कुणी तुपाचा डबा उपडा केला म्हणा."

"म्हणजे शेतकोठीतून काही गेलंच नव्हतं?"

"नाही."

"तेव्हा तपासलं होतंत?"

मुल्हेरकर खाली बघायला लागला. "तपासलं होतं. कोठीत तूट नव्हती. उलट शेवाळ गाळून भट्टीत घातलं तर आपल्या हिशेबात होतं त्याहून स्फुरद जास्त निघालं. मूलद्रव्य आपोआप वाढत नाही, मला कळायला हवं होतं. मी मापाची चूक मानली."

"मला बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत. चार मुलं गेली होती. लोकांना कारण नको होतं, माणूस हवा होता. माणूस समोरच उभा होता."

केतकीनं एक हात पोटावर आणि एक टेबलावर ठेवला. "बाबा म्हणत होते," ती म्हणाली, "झडप मी लावली होती. शेवटच्या दिवशीसुद्धा मला तेच सांगितलं. आणि मी विचारलं, बाबा, नक्की लावली होती का? असं विचारलं मी त्यांना."

श्रीरंगचा हात खुर्चीवरून सुटला. बायकोकडे जावं की आईकडे हे त्याला कळेना, म्हणून तो दोघींच्या मध्ये, कुणाच्याच जवळ नाही असा उभा राहिला.

सगुणाबाई हे सगळं ऐकत होत्या. चार मुलं. त्यातल्या एकीला त्यांनी स्वतः टाळ्या शिकवल्या होत्या. पण माणसाचं मन मोठं हुशार जनावर असतं, आग लागलेल्या घरातून ते आधी स्वतःची चटई ओढून काढतं. सगुणाबाईंच्या मनानं मुलं सोडली, सोपान सोडला आणि नेमका एकच शब्द उचलला.

"जास्त निघालं म्हणालास ना?" त्या म्हणाल्या. "ते जास्तीचं आमचं. बापूसाहेबांचं. नाहीसं झालेलं नाही, तूच सांगितलंस. मग टाक कुपीत आणि दे माझ्या नातवाला. मिटलं!"

"आजी, ते वाटून झालं. खैरनारांची जुळी जन्मली, दुसऱ्या पोराचा वाटा त्यातून दिला." मुल्हेरकर म्हणाला. "संपलं ते."

"खैरनारांची!" खैरनारांच्या घरात सगुणाबाईंनी कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. "त्या नकट्यांची? मग ती पोरं आमची. हाडं वडनेऱ्यांची तर नाव वडनेऱ्यांचं, कायदाच आहे. नाहीतर काढून द्या त्यांच्यातून."

"त्यांच्यातून काय काढू? पोरांत बापूसाहेबांचं आहे, त्यांच्या आईचं आहे, गव्हातलं आहे. दुसऱ्या कित्येक मूलद्रव्यांत हलके अणू असतात, भारी अणू असतात, भावंडांसारखे. त्यावरून कधी कधी माग काढता येतो. स्फुरदाचा टिकणारा अणू एकाच वजनाचा. सगळे हुबेहूब. त्याला ना गोत्र, ना घराणं. बापूसाहेबांचं कुठलं आणि कोबीतलं कुठलं, हे मला काय, ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही."

वडनेरे आणि कोबी एका वाक्यात. सगुणाबाईंना आयुष्यात इतकं कुणी लागेल असं बोललं नव्हतं, आणि बोलणाऱ्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

जयवंतीबाईंनी पुढे येऊन टेबलाच्या कडेवर हात टेकले. "ऐका. निर्णय दोन आहेत. पहिला मुलाचा. वडनेऱ्यांचा वाटा नाही, म्हणजे या मुलाला जन्माचा हक्क नाही. पण सोपानराव पाणगव्हाणे निर्दोष होते. त्यांचा वाटा जप्त झाला तो चुकून. डॉक्टर, तो वाटला का?"

"कोण घेणार?" मुल्हेरकर म्हणाला. "दोन घरांना विचारलं. पोरं मारणाऱ्याची हाडं आमच्या पोराच्या अंगात नकोत, म्हणाले. मी समजावलं, कुपीतल्या स्फुरदाला सोपान कोण ते ठाऊक नाही. पण ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं ना. आहे तसाच आहे तो."

"तो त्यांच्या मुलीचा. आणि यापुढे परतीत कुणाचाच वाटा जप्त होणार नाही. केतकी, तुझं मूल तुझ्या वडिलांच्या वाट्यावर जन्माला येईल. नाव पाणगव्हाणे लागेल."

केतकी रडली नाही. तिनं फक्त डोळे मिटले आणि टेबलाला टेकून, खाली फरशीवर, हळूहळू बसली. खुर्ची रिकामी होती तरी.

"आणि दुसरा निर्णय," जयवंतीबाई म्हणाल्या. "गोदेत स्फुरद गेलं, मुलं मेली, त्याला सोपानरावांना परती दिली. कृत्य तुमचं होतं, सगुणाबाई. एकाच कृत्याला दोन वेगळ्या शिक्षा मला देता येणार नाहीत. तुम्हालाही परती."

श्रीरंगच्या तोंडून हुंदका फुटला. सगुणाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या डोळ्यांत एकदम जुनी चमक आली, बाजारभाव पाडताना बायकांच्या डोळ्यांत येते ती.

"चालेल," त्या म्हणाल्या.

"काय?"

"परती चालेल म्हणते. मग माझी हाडं कोठारात जमा होणार ना? मी कोण? वडनेऱ्यांची. मग झाला वडनेऱ्यांचा वाटा! तो द्या नातवाला आणि नाव आमचं लावा. पाणगव्हाण्याची कुपी ठेवा तुमच्यापाशी. जयवंती, मला मारून तू माझंच काम केलंस बघ."

कायद्यात चूक काढावी तर चूक नव्हती. मुल्हेरकरनं नाइलाजानं कोपऱ्यातल्या अस्थिमापकाकडे बोट दाखवलं. तो म्हणजे एक पितळी पाट आणि त्याच्याभोवती खालून वर सरकणारं निळं कडं. जिवंत माणसाच्या हाडांत स्फुरद किती ते सांगणारं. सगुणाबाई हळदीकुंकवाला जावं तशा पदर सावरून पाटावर चढल्या. कडं पावलांपासून डोक्यापर्यंत गेलं.

मुल्हेरकरनं आकडा वाचला. पुन्हा कडं फिरवलं. पुन्हा वाचला.

"पुरत नाही," तो म्हणाला.

"काय पुरत नाही?"

"वाटा पुरा होत नाही. हाडं आतून विरळ झालीत तुमची. वयानं होतात. बायकांची अधिकच."

"माझी हाडं? अरे, हंडे उचललेत मी या हाडांनी!"

"उचलले असतील. आता पोकळ आहेत, आजी."

एवढी शिक्षा ऐकून न वाकलेली बाई त्या एका शब्दानं वाकली. पाटावरून उतरताना त्यांनी पहिल्यांदाच कुणाचा तरी हात शोधला. श्रीरंगनं धरला. सवयीनं.

"गेलं कुठे मग?" त्यांनी विचारलं. "नाहीसं होत नाही म्हणतोस, मग माझं गेलं कुठे?"

मुल्हेरकरनं उत्तर दिलं ते केवळ विचारलं म्हणून. शिकलेल्या माणसाला उत्तर माहीत असलं की गप्प बसवत नाही. "थोडं रोज लघवीवाटे गेलं. ते गोदेला, शेताला. आणि बाळंतपणात पोटातलं पोर आईच्या हाडांतून ओढून घेतं. तुमचं गेलं ते थोडंफार श्रीरंगरावांत असेल."

सगुणाबाईंनी धरलेल्या हाताकडे पाहिलं. हात जाडजूड होता, मनगटाचं हाड रुंद. त्यांनी ते अंगठ्यानं चाचपलं, भाजीवालीकडचा भोपळा चाचपावा तसं.

"कमी किती पडतं?" त्यांनी विचारलं.

"आजी, हे काय..."

"कमी किती पडतं ते सांग. मण, शेर काय असेल ते."

उत्तराची वाट न पाहता त्यांनी जयवंतीबाईंकडे मोर्चा वळवला. "वाटा एकाच देहाचा पाहिजे असं आहे का कायद्यात?"

"नाही," जयवंतीबाई नाइलाजानं म्हणाल्या. "एकाच घराचा पाहिजे. पण कुणावर जबरदस्ती नाही. देणाऱ्यानं स्वखुशीनं..."

"जबरदस्ती कोण करतंय? डॉक्टर, सबंध माणूस लागेल का?"

"सबंध नाही लागणार," मुल्हेरकर म्हणाला आणि बोलला त्याच क्षणी त्याला कळलं की आपण काय बोललो. "एखादा... मांडीपासून खालचा एखादा पाय. तेवढं भरेल."

फरशीवरून केतकी ओरडली. "नको! मला नाही लावायचं तुमचं नाव! माझ्या बाबांचं आहे ना, ते पुरेसं आहे, पूर्ण आहे. श्रीरंग, बोल ना काहीतरी. एकदा तरी बोल!"

श्रीरंगनं तोंड उघडलं. त्यानं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आता काय म्हणायचं ते ठरवायला.

सगुणाबाईंचा चेहरा आता मऊ झाला होता. श्रीरंगला ताप आला की रात्र रात्र उशाशी बसायच्या तेव्हा व्हायचा तसा. त्यांनी त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"मी तर उद्या जाणार," त्या म्हणाल्या. "माझं सगळंच जाणार. तुला सगळं कोण मागतंय? पाय दोन आहेत तुला, बाळ. नाव एकच आहे."

जयवंतीबाई वाट पाहत राहिल्या. मुल्हेरकर वाट पाहत राहिला. नाही हा एवढासा शब्द. तो यायला किती वेळ लागतो?

श्रीरंगनं केतकीकडे पाहिलं नाही. तो रिकाम्या खुर्चीवर बसला, वाकला आणि उजव्या बुटाची नाडी सोडू लागला.